बालीचे तीर्थ आणि आमची ओंजळ

परदेशप्रवास ही आमच्या देवस्थानांच्या महाजनांत आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. समुद्र ओलांडला म्हणून पंचगव्य घेऊन शुद्ध व्हावे लागत असे, तो काळ आजोबा-पणजोबांबरोबर गेला. जत्रांचा हंगाम आटोपला की पंचवीस-तीस मंडळी एकत्र येतात, एखाद्या प्रवासकंपनीकडे पैसे भरतात आणि काशी-रामेश्वर झाले तसे बाली बेटही करून येतात. परतल्यावर सभामंडपात छायाचित्रे दाखविण्याचा कार्यक्रम होतो, आणि दोन-तीन महिन्यांनी तोच वृत्तांत लेखरूपाने आमच्यासारख्या मासिकाकडे येऊन पोचतो. हे लेख आम्ही आजवर आवडीने वाचत आलो आहोत. आज त्यांच्याविषयीच थोडे स्पष्ट लिहावयाचे आहे. लेखकमंडळी राग धरणार नाहीत असा भरवसा वाटतो; कारण ज्या दोषांविषयी लिहावयाचे त्या दोषांच्या पंक्तीला आम्हीही एकदा बसलेलो आहोत.

या लेखांची घडण बहुधा ठरलेली असते. विमानतळाजवळचा घटोत्कचाचा भव्य पुतळा, गरुडारूढ विष्णूची २०१८ साली पुरी झालेली १२१ मीटर उंचीची प्रतिमा, रस्तोरस्ती दिसणारे रामायण-महाभारतातील वीर, आणि अखेर ‘त्या देशाच्या नोटेवरसुद्धा गणपती आहे’ ही ठेवणीतली वार्ता. वीस हजार रुपियांची ती गणपतीची नोट १९९८ साली निघाली होती आणि २००८ च्या अखेरीस ती चलनातून काढूनही घेतली गेली. ती ज्यांनी हातात धरली असण्याचा संभवच नाही, असे प्रवासीही तिचे वर्णन डोळ्यांनी पाहिल्यासारखे करतात. सर्वांचा निष्कर्ष एकच: ‘तेथे सारे आपलेच आहे.’ हे वाक्य लेखाच्या आरंभी असो वा शेवटी, ते आल्यावाचून लेख पुरा होत नाही. आमचा आक्षेप आहे तो या ‘आपलेच’ शब्दावर. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तो उच्चारताच पाहणे थांबते, असा आमचा अनुभव आहे.

तो अनुभव सांगतो. आमच्याच मंडळींबरोबर आम्ही बेटाच्या डोंगराळ भागातील एका गावदेवळात गेलो होतो. भोवती पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, आणि देवळात ओदालान, म्हणजे वर्धापनाचा उत्सव चालू. तेथील पंचांगाच्या २१० दिवसांच्या वर्षानुसार हा उत्सव येतो, त्यामुळे आपल्या तारखांशी त्याचा मेळ बसत नाही. आम्हा सर्वांना कमरेला वस्त्र व वर शेला बांधावयास दिला होता. दाराशी पाटी होती: रजस्वला स्त्रियांनी आणि सुतक असलेल्यांनी आत येऊ नये. सुतकाला तिकडे ‘सेबेल’ म्हणतात. ती पाटी वाचून आमच्या मंडळींना कोण आनंद झाला! ‘पाहा, इकडेसुद्धा सोवळेओवळे!’ पुढे पूजा झाली. गावचा पुजारी (त्याला पेमांग्कू म्हणतात) पांढऱ्या वस्त्रात एकेकापुढे येऊन डोक्यावर तीर्थ शिंपडू लागला. मग ओंजळीत तीर्थ घालून तीन वेळा प्राशन करावयाचे, तीन वेळा मुखावरून फिरवावयाचे, आणि भिजलेले तांदळाचे दाणे कपाळाला लावावयाचे. आमच्यापैकी एक वयोवृद्ध गृहस्थ, मोठे धर्मनिष्ठ, फोंड्याकडच्या एका देवस्थानाचे महाजन. घटकाभरापूर्वी बसमध्ये ‘हे आपलेच रक्त’ असे त्यांनीच म्हटले होते. पेमांग्कू त्यांच्यापुढे येताच त्यांनी हात मागे घेतला. वाटाड्याने आदल्या संध्याकाळी या लोकांच्या सणासुदीला डुक्कर भाजतात हे सांगितले होते, आणि ते त्यांच्या ध्यानात राहिले होते.

रक्त आपले, पण पाणी चालत नाही. आमच्याकडे येणाऱ्या झाडून साऱ्या बाली-वृत्तांतांवर केलेली टीका आम्हाला या एका क्षणात दिसली.

‘आपलेच’ या शब्दाला मोठा इतिहास आहे, आणि तो अप्रतिष्ठेचा नाही. १९२६ साली कलकत्त्याला ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूर जावा व बालीला जाऊन आले; त्यांच्यासमवेत असलेल्या सुनीतिकुमार चटर्जींनी पुढे त्या प्रवासाचा मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले ‘द्वीपमय भारत’. रमेशचंद्र मजुमदारांनी चंपा आणि सुवर्णद्वीप यांचे इतिहास लिहिले व त्या मालेला ‘अतिपूर्वेतील प्राचीन भारतीय वसाहती’ असे शीर्षक घातले. ज्या पिढीला आपल्या देशाला परकीयांची वसाहत झालेली पाहावे लागत होते, त्या पिढीला आपल्याही कधीकाळी वसाहती होत्या या विचाराने धीर यावा, हे समजण्यासारखे आहे. त्या विद्वानांचे परिश्रम थोर होते. तथापि शब्द ‘वसाहती’ हाच होता, आणि तो शब्द त्यांनी ज्यांच्या सत्तेखाली दुःख भोगले त्यांच्याकडूनच उचलला होता. बालीतील राजकुळांनी १९०६ साली बादुंगला व १९०८ साली क्लुंगकुंगला डच बंदुकांपुढे शुभ्र वस्त्रे नेसून, बायकामुलांसह मरण पत्करले. त्या घटनेला तेथे ‘पुपुतान’ म्हणतात. अशा लोकांना ‘तुम्ही आमची जुनी वसाहत’ असे आनंदाने सांगणे म्हणजे काय, याचा विचार कलकत्त्याच्या त्या ग्रंथांत नाही. आज प्रवासकंपन्यांच्या पत्रकांत त्याच कल्पनेचा रवंथ चालू आहे, त्यात तर तो असण्याचे कारणच नाही.

वस्तुतः बाली काही कोणी जिंकून वसविले नाही. उत्तर किनाऱ्यावरील सेंबिरान येथील उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भारतीय मृद्भांडी सापडली आहेत, म्हणजे व्यापारी येत-जात होते हे खरे. पण सनूर गावी बेलांजोंग येथे एक शिलास्तंभ आहे, त्याकडे आमच्या मंडळींचे पाय वळत नाहीत. तो शके ८३५ चा, म्हणजे इसवी ९१४ च्या सुमाराचा. त्यावर श्रीकेसरी वर्मदेव राजाचा लेख दोन भाषांत कोरला आहे, संस्कृतात आणि प्राचीन बाली भाषेत. मौज अशी की नागरी लिपी वापरली आहे ती स्थानिक भाषेसाठी, आणि संस्कृत मजकूर लिहिला आहे तो स्थानिक लिपीत! ज्या राजाने हे कोरविले त्याला काही शिकवून पाठविले होते असे वाटत नाही. तो दोन्ही हातांनी घेत होता आणि आपल्या मर्जीप्रमाणे गुंफत होता. द्वैभाषिक नियतकालिक चालविणाऱ्या आम्हाला त्या दगडाविषयी विशेष ममत्व वाटले तर नवल नाही.

ही गुंफण शब्दांतही दिसते. ‘पुर’ म्हणजे नगर. पण तिकडे ‘पुरा’ म्हणजे देऊळ आणि ‘पुरी’ म्हणजे राजवाडा. ‘आगम’ म्हणजे शास्त्र. तिकडे त्याचा अर्थ धर्म असा झाला. ‘चरु’ म्हणजे आपल्याकडे हविष्यान्नाचा शिजवलेला भात, होमात अर्पावयाचा. तिकडे ‘चारू’ म्हणजे भूतगणांसाठी जमिनीवर मांडलेला बळी, त्यात कोंबड्यापासून म्हशीपर्यंत काहीही असते. कानाला शब्द ओळखीचा लागला की आमचा प्रवासी टाळी वाजवितो, आणि अर्थ बदलला आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही. ओळख पटणे आणि ओळख होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रत्येक प्रवासवृत्त लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी घोकावे.

आता देवळाकडे वळू. आमच्या मंडळींतून त्या दिवशी पहिला प्रश्न आला, ‘मूर्ती कोठे आहे?’ उघड्या आवारांमागून आवारे, गवताने शाकारलेली मनोऱ्यासारखी मंदिरे, आणि मुख्य स्थानी दगडी उंच आसन: पद्मासन, रिकामे. देव तेथे नित्य बसत नाही. उत्सवाला बोलावला म्हणजे उतरतो, आणि उत्सव संपला की जातो. आमच्यापैकी एकाने हळूच म्हटले, ‘यांच्या मूर्ती कोणी फोडल्या असतील.’ त्या गृहस्थांचे देऊळ सोळाव्या शतकात नदीपलीकडून उचलून आणलेले; मूर्ती फुटण्याचे भय त्यांच्या रक्तात असल्यास दोष कोणाला द्यावा? पण बालीच्या रिकाम्या आसनाला तो अर्थ नाही. गावोगाव तीन देवळे असतात: मूळ पुरुषांचे, ग्रामसभेचे, आणि स्मशानाकडचे मृत्यूचे. त्यांच्या सेवेची जबाबदारी गावातील प्रत्येक घराची. पुजारी पेमांग्कू हा बहुधा सामान्य कुळातील शेतकरीच असतो. ब्राह्मण पुरोहित निराळा, त्याला पेदंडा म्हणतात. त्याची पत्नीही दीक्षा घेऊन पेदंडा होऊ शकते आणि विधी चालवू शकते. मोठ्या यज्ञप्रसंगी शैव पेदंडा व बौद्ध पेदंडा शेजारी शेजारी बसून मंत्र म्हणतात. या तीन गोष्टी आमच्याकडे आलेल्या एकाही लेखात नाहीत. त्यांतील कोणतीही एक गोष्ट आमच्या देवस्थानांच्या वार्षिक सभेत मांडली तर तिच्यावर चर्चा सकाळपर्यंत चालेल. लेखकांनी त्या पाहिल्या नाहीत, की पाहून सोयीस्करपणे गाळल्या, हे आम्ही सांगू शकत नाही.

पण सर्वांत मोठे न पाहिलेपण भातशेतीचे. त्या पायऱ्यांच्या शेतांपुढे छायाचित्र काढून घेतले नाही असा प्रवासी विरळा. त्यांच्यामागे जी संस्था उभी आहे तिचे नाव सुबाक. एका ओढ्याच्या वा कालव्याच्या पाण्यावर ज्यांची शेते भिजतात त्या सर्वांची मिळून एक सभा, त्या सभेचे एक देऊळ, आणि पाण्याच्या वाटणीचा व पेरणीच्या तिथीचा निर्णय त्या देवळात. खालच्या सुबाकाचे देऊळ वरच्याशी जोडलेले, वरचे त्याच्याही वरच्याशी, असे करीत करीत ही साखळी बातुर सरोवराच्या काठावरील मोठ्या देवळापर्यंत पोचते. अशा सुमारे १,२०० सुबाकांची बेटावर नोंद आहे. २०१२ साली युनेस्कोने त्यांच्या भूप्रदेशाला जागतिक वारशात स्थान दिले. त्याचे तत्त्वज्ञान ‘त्रि हित करण’ या नावाने सांगितले जाते. हे नाव संस्कृत वाटते म्हणून आमचे प्रवासी ते वेदांत शोधू लागतात. ते रूढ झाले १९६० च्या दशकात, बालीतच. व्यवस्था मात्र हजार वर्षांची जुनी आहे.

ती व्यवस्था धर्म आहे की पाटबंधारे खाते, असा प्रश्न सरकारी अधिकाऱ्यांनाही पडला होता. १९७० च्या दशकात नव्या संकरित भाताचा प्रसार झाला, तेव्हा ज्याला जमेल त्याने जमेल तितक्या वेळा पेरावे असा आदेश निघाला. देवळाच्या तिथ्या म्हणजे कालबाह्य भोळेपणा. दोन-चार हंगामांतच पाणी पुरेना आणि किडीने शेते खाऊन टाकली. एकाच वेळी सगळी शेते पडीक राहिली म्हणजे किडीला अन्न राहत नाही, आणि सगळ्यांनीच एकदम पाणी मागितले तर ते पुरत नाही. या दोन विरुद्ध गरजांचा मेळ देवळांच्या तिथ्या घालीत होत्या. स्टीफन लान्सिंग या मानवशास्त्रज्ञाने पर्यावरणशास्त्रज्ञ सहकाऱ्याच्या मदतीने गणकयंत्रावर हे पडताळून पाहिले आणि १९९१ साली ग्रंथरूपाने मांडले. देवळाची घंटा ही घड्याळापेक्षा अधिक काही असू शकते, याचा इतका स्वच्छ पुरावा आम्हाला अन्यत्र आढळलेला नाही.

हे वाचून गोव्याच्या वाचकाच्या मनात काही हलले पाहिजे. गांवकारी ही आपल्याकडे काय होती? गावच्या जमिनीची सामाईक मालकी, तिच्या उत्पन्नातून देवळाचा, वाटांचा, बांधांचा खर्च, आणि निर्णय गांवकारांच्या सभेत. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनाही ती मोडता आली नाही. १५२६ च्या फोरालात त्यांनी तिचे रीतिरिवाज लिहून काढले आणि पुढे तिला ‘कोमुनिदाद’ म्हणून स्वतःच्या कायद्यात बसविले. देवळे पाडली, देव नदीपार गेले, म्हणजे कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास. पण खाजन जमिनींचे बांध आणि मानशी यांवाचून त्या नव्या राज्याचेही चालेना. आपल्या देवाचे आणि आपल्या पाण्याचे नाते त्या काळी तुटले. बालीत ते तुटलेले नाही. एवढी एक गोष्ट जरी कोणी लिहिली असती तरी तो लेख आम्ही पहिल्या पानावर छापला असता. त्याऐवजी शेतापुढच्या झोपाळ्यावर बसून काढलेली छायाचित्रे येतात. आणि आमच्या खाजनांतील मानशींचा लिलाव मासे धरण्यासाठी होतो, बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते, व त्याबद्दलची तक्रार आपण कोणत्या तरी खात्याकडे लिहून मोकळे होतो.

आता तो डुकराचा आणि कोंबड्याचा प्रश्न. बालीत उत्सवापूर्वी जमिनीवर रक्त सांडावे लागते, म्हणून कोंबड्यांची झुंज लावतात; या विधीला ‘तबुह राह’ म्हणतात. रांगदा नावाच्या उग्र देवतेच्या नाट्यात माणसांच्या अंगात येते आणि ती खंजीर स्वतःच्या छातीवर रोवू पाहतात. आमच्या लेखकांपैकी कोणी हे वगळतात. कोणी ‘मूळच्या शुद्ध धर्मावर स्थानिक रानटीपणाचे पुट चढले’ अशी मीमांसा करतात. ही मीमांसा गोव्याच्या, कोकणच्या किंवा बेळगाव सीमेवरच्या माणसाने करावी, हे आश्चर्य आहे. राखणदाराला कोंबडा, रोट आणि सोरो कोण देतो? शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड निखाऱ्यांवरून चालतात ते कोणत्या बेटावर? देवळात अवसर येऊन गाऱ्हाण्याला उत्तर मिळते तेव्हा आपण हात जोडून उभे असतोच ना? आणि आमच्यातील सारस्वत वाचकांना आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. देशावरच्या पंडितांनी मत्स्याहाराकडे बोट दाखवून आपल्या षट्कर्माधिकारावर शंका घेतली होती, तो वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. ज्याच्या पानातल्या बांगड्यावरून त्याचे ब्राह्मण्य तोलले गेले, त्याने दुसऱ्याच्या पानाकडे पाहून तीर्थ नाकारावे, यातला विनोद आम्हाला त्या दिवशी देवळात उभे असताना कळला नाही. तो परतीच्या विमानात कळला.

उलट, ज्याला आमचे प्रवासी अतिप्राचीन समजून हात जोडतात ते कित्येकदा कालचे असते. संध्याकाळी शंभरेक पुरुष वर्तुळात बसून ‘चाक-चाक’ असा घोष करतात आणि मध्ये रामायणाचा प्रसंग होतो, तो केचाक. जवळजवळ प्रत्येक लेखात त्याला ‘वाल्मीकीच्या काळापासून चालत आलेला’ म्हटलेले असते. सांग्ह्यांग नावाच्या, अंगात येण्याच्या विधीतील पुरुषांचा घोष उचलून, त्याला रामकथा जोडून, १९३० च्या दशकात वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार आणि तेथील नर्तक यांनी तो पाहुण्यांसाठी सिद्ध केला. यात लाजण्यासारखे काही नाही. बालीच्या लोकांनी तो नंतर आपलासा केला, आणि तो उत्तम आहे. पण खरे जुने जे आहे ते संध्याकाळच्या तिकिटात मिळत नाही. गावातील मंडळी रात्री जमतात; एक जण जुन्या कावी भाषेतील रामायण किंवा अर्जुनविवाह वृत्तात गातो, दुसरा ओळीमागून ओळ चालू बाली भाषेत उलगडतो, आणि अर्थावरून वाद रंगतो. पुराणिकाने पोथी सोडावी आणि श्रोत्यांनी मान डोलवावी, हे ज्यांनी लहानपणी पाहिले आहे त्यांना त्या ओसरीवर परके वाटणार नाही. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पांडव कावीत बोलतात, ते प्रेक्षकांना समजत नाही. म्हणून त्वालेन व मर्दाह हे त्यांचे सेवक सारे बाली भाषेत सांगतात, चावटपणा करतात, धन्याला टोमणे मारतात. व्यासांच्या महाभारतात हे सेवक नाहीत. बालीच्या माणसाला विचाराल तर खेळाचा जीव तेच.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. ‘आपण हिंदू’ हे केवळ आम्हीच त्यांच्यावर लादलेले नाही. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर तेथील शासनाला मान्य होईल असा धर्म म्हणजे एकेश्वरी, ग्रंथ असलेला. बालीचा धर्म त्या चौकटीत बसेना. तेव्हा बालीच्या नेत्यांनी भारताकडे पाहिले, आपल्या तरुणांना शिक्षणासाठी इकडे पाठविले. पुढे बालीचे राज्यपाल झालेले इदा बागुस मंत्र हे विश्वभारतीत शिकलेले. १९५९ साली परिषद स्थापन झाली, सांग्ह्यांग विधी हे एकमेव परमेश्वराचे नाव पुढे आले, आणि गायत्रीने आरंभ होणारी त्रिसंध्या शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. तेव्हा आमचा प्रवासी सकाळी ध्वनिक्षेपकावरून गायत्री ऐकतो आणि त्याचे डोळे भरून येतात, ते खोटे नाही. फक्त ती हजार वर्षे कोणी जपून ठेवलेली ठेव नसून आपले देऊळ वाचविण्यासाठी त्यांनी केलेली निवड आहे, हे त्याला ठाऊक असते तर डोळे अधिक भरून आले असते असे आम्हाला वाटते.

मराठीत प्रवासवृत्ताची परंपरा काही दुबळी नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली मथुरेला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने निघाले, आणि ग्वाल्हेर-झांशीच्या मुलखात जे पाहिले ते त्यांनी भिक्षुकाच्या भाबडेपणाने पण उघड्या डोळ्यांनी लिहिले. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे १८८९ चे पुस्तक घ्या. बाईंच्या धर्मांतरामुळे आमच्या देवळांच्या ग्रंथालयांत ते सहसा सापडत नाही, आणि हा तोटा आमचाच आहे. त्या देशात त्या १८८६ साली गेल्या आणि तेथील घरे, शाळा, राज्यव्यवस्था, बायकांचे कष्ट व त्यांच्या संस्था यांचा त्यांनी ताळेबंद मांडला. तेथल्या कृष्णवर्णीयांवर व मूळ रहिवाशांवर होणाऱ्या अन्यायाबद्दल गप्प बसल्या नाहीत. ‘लोकस्थिती’ हा शब्द त्यांनी ‘प्रवासवृत्ता’च्या आधी घातला, यातच सारे आले. पुढे पु. ल. देशपांड्यांचे ‘पूर्वरंग’ १९६३ साली निघाले, त्यात याच आग्नेय आशियाची सफर आहे. पुलंची नजर देवळाच्या कळसापेक्षा देवळाबाहेरच्या माणसावर अधिक रमते. त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी विनोद घेतला, आणि माणसाजवळ थांबून त्याचे ऐकण्याची सवय मात्र विमानतळावर ठेवून दिली. आमच्याकडे येणारे लेख बहुतेक या अनुकरणाच्याही अनुकरणात मोडतात. त्यांत जेवणाचे हाल आणि खरेदीतील फजिती यांनाच लोकस्थितीचे स्थान मिळते.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपण कसे दिसतो, याचा आम्हाला अनुभव नाही असे थोडेच आहे? गोव्यात येणारा पाहुणा समुद्र व चर्चे पाहून ‘जणू युरोपच’ म्हणून परततो, तेव्हा आपल्याला राग येतो. पुण्याहून तंजावरला गेलेला पंडित तेथील मराठी घरात बसून त्यांच्या बोलीच्या चुका काढतो, सरस्वती महालातील पोथ्या मात्र ‘आपल्या’ म्हणतो. आणि या मासिकाच्या दोन भाषांपैकी एकीला दुसरीची शाखा म्हणणाऱ्यांनी प्रेमानेच तसे म्हटले होते. ज्यांना ते म्हटले गेले त्यांना ते प्रेम कसे वाटले, हे आमच्या निम्म्या वाचकांना सांगावयास नको. १९९२ साली कोंकणी संविधानाच्या आठव्या परिशिष्टात आली म्हणून तो विषय संपला असे मानणाऱ्यांनी आमच्या पत्रव्यवहाराची फाइल पाहावी.

२०२३ साली बालीला जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल भारतीय होते. म्हणजे हे लेख वाढत जाणार. त्याच वर्षी २२ मार्च रोजी एक योग आला होता: शके १९४५ चा आरंभ. आपल्याकडे तो गुढीपाडवा. बालीतही शकगणना तीच, आणि त्यांचा वर्षारंभही त्याच दिवशी पडला. दरवर्षी असे होत नाही, कधी महिनाभराचेही अंतर पडते. त्या दिवसाला ते न्येपी म्हणतात. आदल्या संध्याकाळी भुतांच्या प्रचंड आकृती वाजतगाजत मिरवितात, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण निःशब्दता: विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही. विमानतळसुद्धा बंद. एका प्रवासीलेखात आम्ही वाचले की पाडव्याच्या दिवशी खोलीत कोंडून राहावे लागल्याने ‘एक दिवस फुकट गेला’. गुढी, कडुनिंब, श्रीखंड याविना पाडवा कसा करतात हे पाहण्यासाठी त्याने खिडकीचा पडदा तरी बाजूला करावयाचा होता.

त्या गावदेवळातील प्रसंग आम्ही अर्धाच सांगितला. पूजा आटोपल्यावर पेमांग्कू आवारातल्या पायरीवर येऊन बसला आणि वाटाड्याच्या मार्फत त्याने विचारले, तुमच्या देवळाचे पाणी कोठून येते? आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. कोणी नळाचे म्हणाले, कोणी तळीचे. त्याचा प्रश्न शेतांचा होता. मग ज्यांनी तीर्थ नाकारले होते तेच गृहस्थ पुढे झाले. लहानपण त्यांचे खाजनाच्या काठी गेलेले. त्यांनी काडी घेऊन मातीत बांध काढला, नदी काढली, आणि भरती चढली की मानशीचे दार पाण्याच्याच रेट्याने कसे मिटते व ओहोटीला कसे उघडते ते दाखविले. पेमांग्कूने ती काडी त्यांच्या हातून घेतली आणि शेजारी एक ओंडका काढला. त्याला खाचा पाडल्या, ज्याचे जेवढे शेत तेवढी रुंद खाच. समुद्राचे पाणी बाहेर ठेवण्याची विद्या त्याला ठाऊक नव्हती, डोंगराचे पाणी वाटण्याची यांना. दोघे अर्धा तास उकिडवे बसले होते. बसचा कर्णा तीनदा वाजला.

तीर्थ त्या गृहस्थांनी शेवटपर्यंत घेतले नाही. आम्ही घेतले होते; पण मानशीचे दार कसे मिटते ते आम्हाला सांगता आले नसते.